पत्ता नसलेलं मैदान : सातारा-सांगलीच्या बैलगाडी शर्यती आणि दहा वर्षांची बंदी

आजच्या व्याख्यानाचा विषय शर्यतीच्या मैदानांचा आहे, आणि तो बातमीचा विषय म्हणून न घेता इतिहासाचा म्हणून घ्यायचा आहे.

शर्यतीची मैदानं बंद पडणं ही सध्या जगभर चालू असलेली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये फोकस्टन नावाच्या गावाचं घोड्यांच्या शर्यतीचं छोटं मैदान डिसेंबर २०१२ मध्ये बंद झालं, ते कायमचंच. त्याच महिन्यात हेरेफर्डचंही बंद झालं. ते मात्र २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. सिंगापुरात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या घोड्यांच्या शर्यती ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबल्या, कारण सरकारला ती जमीन घरबांधणीसाठी हवी होती. आपल्याकडे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, अकरा वर्षं घोळ चालला आणि २०२४ मध्ये १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी काढून घेऊन उरलेल्या ९१ एकरांवर रेसकोर्स ठेवायचं ठरलं.

ह्या सगळ्या मैदानांना एक पत्ता आहे. सात-बारा म्हणा, भाडेपट्टा म्हणा, फाटकावरची पाटी म्हणा. फाटकाला कुलूप लागलं की मैदान बंद झालं, इतकं ते सोपं असतं.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे या. खटाव, माण, आटपाडी, खानापूर, जत, कवठेमहांकाळ हा सगळा कमी पावसाचा, माळरानाचा मुलूख. इथे 'मैदान' हा शब्द जागेसाठी कमी आणि प्रसंगासाठी जास्त वापरतात. 'परवा अमुक गावात मैदान आहे' असं म्हणतात. म्हणजे तिथे बैलगाडी शर्यत आहे. जागा कुठली? शाळू काढून मोकळं झालेलं कुणाचं तरी रान, नाहीतर गावाबाहेरचा माळ. चार-आठ दिवस आधी दगडगोटे वेचायचे, फळी फिरवायची, गाड्यांसाठी चाकोऱ्या आखायच्या, निशाण रोवायचं. दिवस मावळला की माणसं पांगतात आणि पहिल्या पावसानंतर तिथे पुन्हा पेरणी. ह्या मैदानाला पत्ता नाही. म्हणून प्रश्न असा पडतो की, ज्याला फाटकच नाही ते बंद कसं करायचं? आणि २०११ ते २०२१ ह्या दहा वर्षांत नेमकं काय बंद झालं होतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल. आधी घोड्याची गोष्ट सांगतो, कारण बैलावर जी वेळ आली ती आपल्या भागात घोड्यावर दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेली.

भीमथडीची तट्टं हा मराठी इतिहासातला नेहमीचा शब्द आहे. भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात पैदास होणारी ही काटक जनावरं. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत, हे आपण शाळेत शिकलो. बारगिराला घोडा पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा स्वतः आणी, त्याच्या दाणावैरणीची आणि मरणाचीही जोखीम स्वतःच्या अंगावर घेई. म्हणजे चांगला घोडा पाळणं हे गावच्या घराचं भांडवल होतं. १८१८ साली पेशवाई गेली, साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली उभं राहिलं आणि फौजा मोडल्या. शिलेदाराचा घोडा बेकार झाला. त्याला कुणी मनाई केली नव्हती, कुठलं फर्मान निघालं नव्हतं. त्याचं काम गेलं, एवढंच. पुण्याला नि मुंबईला इंग्रजांनी रेसकोर्स काढली, पण तिथे पळायला अरबी आणि विलायती घोडे आले. भीमथडीचा घोडा मेंढपाळांच्या तांड्याबरोबर सामान वाहायला उरला. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद व्हायला आपल्या काळापर्यंत थांबावं लागलं. जनावर टिकतं ते त्याच्या कामावर, हा ह्यातला पहिला धडा.

आता बैल. आपल्या भागाचा बैल म्हणजे खिल्लार. 'खिल्लार' ह्या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप. म्हैसूरकडच्या हळ्ळीकर आणि अमृतमहाल गुरांशी त्याचं नातं सांगतात. लांब तोंड, मागे वळून वर गेलेली टोकदार शिंगं, पांढरा किंवा कोसा रंग, आणि पायात वेग. पशुवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत त्याचे जे प्रकार दिले आहेत त्यांत आटपाडी महाल आणि म्हसवड ही नावं येतात. आटपाडी महाल हा औंध संस्थानचा भाग, म्हसवड माण तालुक्यात. म्हणजे हा बैल ह्याच मातीचा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला बाजार, ही ह्या बैलाची मोठी पेठ.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खिल्लार गाय दुधासाठी कुणी पाळत नव्हतं. ती दूध देते ते वासराला पुरेल आणि घराला थोडं उरेल इतपत. ती पाळायची खोंडासाठी. खोंडाला किंमत होती, कारण बैलाला काम होतं. आणि काम किती होतं बघा. नांगर, कुळव, पेरणी, मळणी, गाडी आणि ह्या सगळ्यांच्या वर मोट. विहिरीच्या काठावरून उतरत जाणारा जो रस्ता बैल मोट ओढताना चालतात, त्याला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. दिवसभर धावेवर खाली जायचं आणि मागं सरकत वर यायचं. विहीर बागाईत जिथे होतं तिथे ताकदीच्या बैलाला मरण नव्हतं.

ह्या बैलाचं वर्षही ठरलेलं असे. जून-जुलैत पेरणी, आषाढात बेंदूर, सीमेकडच्या काही गावांत त्याआधी ज्येष्ठातच कर्नाटकी बेंदूर. मग पाठीमागची मशागत, रब्बीची पेरणी. माघ-फाल्गुनात शाळू निघाला, खळी झाली की बैल मोकळा. आणि नेमक्या ह्याच वेळी गावोगावच्या यात्रा सुरू होतात. रान मोकळं, बैल मोकळा, माणूस मोकळा, हातात सुगीचे चार पैसे. शर्यत ह्या फटीत बसलेली आहे. आम्हाला तर असं दिसतं की, जनावरांचा बाजार आणि शर्यतीचं मैदान ही एकाच यात्रेत शेजारी शेजारी येतात हाही योगायोग नाही. बाजारात बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे. मैदानात त्याचा दम आणि स्वभाव बघायचा. पारख करण्याच्या ह्या दोन जागा होत्या. आजही मैदानाची भाषा बाजाराचीच आहे. दात न पाडलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. शर्यतीचे गट ह्या दातांवर पडतात.

आणि तिसरी गोष्ट, कामाचा ऱ्हास. ह्याची सुरुवातही आपल्याच भागात बघायला मिळते, आणि ती फार बोलकी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. त्यांच्या कारखान्याचा सुरुवातीचा माल काय होता? लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र. दोन्ही बैलाशी बांधलेले. लोखंडी नांगर ओढायला चांगला बैल लागे आणि कडबा कापायचा तो त्याच्याच पोटासाठी. पण त्याच कारखान्याने पुढे पाण्याचे पंप काढले. पंप आला, इंजिन आलं, नंतर वीज आली आणि मोट गेली. विहिरीवरची धाव ओस पडली. स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर आला, संकरित गाई आल्या, दूध संघ आले. पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचलं तिथे ऊस आणि द्राक्षं आली. ह्यातल्या एकाही बदलाला वाईट म्हणायची आमची तयारी नाही. पाण्यासाठी तीन पिढ्या झगडलेल्या माणसाला 'मोट किती छान होती' असं सांगणं हा उद्धटपणा होईल. पण हिशेब मांडायला पाहिजे. बैलाची एकेक कामं सुटत गेली आणि शेवटी बऱ्याच गावांत त्याचं एकच काम उरलं, शर्यत. जे काम वर्षातल्या फटीत बसलं होतं, तेच त्याच्या जगण्याचं मुख्य कारण होऊन बसलं.

ह्या टप्प्यावर कायदा आला.

कायदा तसा जुना होता. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांतून तो आला. त्यात खेळ दाखवण्यासाठी शिकवल्या जाणाऱ्या प्राण्यांबद्दल एक कलम आहे. सरकारने अधिसूचना काढून ज्या प्राण्याचं नाव घातलं त्याचे खेळ करता येत नाहीत. ह्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी त्यात बैलाचं नाव घातलं गेलं. आता ही यादी पुन्हा ऐका. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह आणि बैल. पहिली पाच रानातली, सर्कशीत किंवा मदाऱ्याकडे पकडून आणलेली. सहावा माणसाच्या गोठ्यात जन्मलेला, हजारो वर्षं त्याच्याबरोबर राबलेला. इंग्रजीतल्या एका शब्दात आपला खोंड, आपला वळू आणि आपला खच्ची केलेला बैल हे तिन्ही कोंबले गेले. आमच्या मते पुढच्या दहा वर्षांच्या गैरसमजाची मुळं ह्या यादीत आहेत. शेतकऱ्याला वाटलं, मला मदारी ठरवलं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मैदानात काय चालायचं? पराणी टोचणं, आसूड, शेपूट पिरगाळणं, शेपटीचा चावा घेणं, खिळे, बॅटरीचा शॉक. हे सगळ्याच मैदानांत होत होतं असं नाही, पण होत होतं, आणि ते कोर्टापुढे आलं. ह्या गोष्टी बाहेरच्या कुणी शोधून काढल्या म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत.

महाराष्ट्र सरकारने २०११ च्या ऑगस्टमध्ये शर्यतींवर बंदी आणली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती घोष ह्यांच्या पीठाने तामिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्राच्या शर्यती ह्या दोन्हींवर निकाल दिला. त्यातला एक मुद्दा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून बघण्यासारखा आहे. न्यायालयाने म्हटलं, बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी झालेली नाही. तो ओढकामाचा प्राणी आहे. म्हणून त्याला पळवणं हेच मुळात क्रूर. घोड्याच्या शर्यती त्यामुळे चालू राहिल्या आणि बैलाच्या थांबल्या.

ह्यावर आमचं म्हणणं असं. प्राणी 'कशासाठी झाला आहे' ह्या प्रश्नाला नुसत्या शरीराकडे बघून उत्तर मिळत नाही. रेसकोर्सवरचा घोडासुद्धा तीनशे वर्षांच्या निवडीने घडवलेला आहे. तसा खिल्लारही वेगासाठी निवडत निवडत आलेला आहे. पण समजा, बैल पळू शकतो हे सिद्ध झालं, राज्य सरकारने पुढे तसा अहवाल करूनही घेतला, तरी त्यातून काय निघतं? पळू शकतो म्हणून त्याला टोचून पळवावं असं निघत नाही. घोडाही पळू शकतो, म्हणून त्याला खिळा टोचायला परवानगी मिळत नाही. म्हणजे खरा प्रश्न पळण्याचा नव्हताच, पळवण्याचा होता. दोन्ही बाजू दहा वर्षं पहिल्या प्रश्नावर भांडल्या.

पुढच्या तारखा थोडक्यात सांगतो. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना सवलत दिली. पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी प्रचंड आंदोलन झालं आणि तामिळनाडूने स्वतःचा दुरुस्ती कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही केला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. शर्यतीत बैलाचा छळ करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात होती. पण ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. तामिळनाडूत आणि कर्नाटकात खेळ चालू, आपल्याकडे बंद. मिरजेपलीकडे म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक लागतं. तिथे चालतं ते इथे गुन्हा, ही गोष्ट सीमेवरच्या गावांना समजावणं अवघड होतं.

ह्याच काळात आणखी एक दार बंद झालं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली. आम्ही इथे त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही. फक्त आटपाडीतल्या एका गोठ्यात उभं राहून हिशेब करा. शेतीचं काम ट्रॅक्टरने नेलं. शर्यत कोर्टाने थांबवली. म्हातारा बैल विकून नव्यासाठी चार पैसे मिळायचे, तेही गेलं. दुष्काळ पडला की चारा छावणी. मग पाहुण्याला दाखवायला म्हणून कुणी किती दिवस जोडी सांभाळेल? जोडी गेली की खोंडाला गिऱ्हाईक नाही. खोंडाला गिऱ्हाईक नाही म्हणजे गाय नको. मैदानाला फाटक नव्हतं म्हणून त्याला कुलूप लागलं नाही. पण मैदानाची पाळंमुळं गोठ्यात होती आणि ती तिथे सुकू लागली. दहा वर्षांत बंद झालं ते हे.

जागा बंद करता येत नाही, ह्याचा पुरावा २० ऑगस्ट २०२१ ला मिळाला. आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात आमदार गोपीचंद पडळकर ह्यांनी बंदी मोडून शर्यत घ्यायचं जाहीर केलं. प्रशासनाने आसपासच्या गावांत जमावबंदी लावली, मोठा बंदोबस्त ठेवला. शर्यत झालीच, पहाटे, दुसऱ्याच माळावर. रातोरात नवी धावपट्टी तयार झाली होती. ह्या घटनेचं राजकारण बाजूला ठेवू. इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच की, माळ सगळीकडे आहे. माळावर येणारी जोडी आहे तोवर मैदान आहे.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली. इतर राज्यांत चालू असलेलं एकट्या महाराष्ट्रात बंद का, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. आणि १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ ह्यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याबरोबर हेही म्हटलं की, कायदा आणि त्याखालचे नियम एकत्र वाचायचे आणि ते काटेकोर पाळले जातील ह्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर राहील. गुलाल उधळताना पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसरं किती जणांनी ऐकलं, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

कारण 'परंपरा आहे' ह्या एका शब्दावर मैदान टिकणार नाही. परंपरा कशी टिकते ह्याचं उदाहरण साताऱ्यातच आहे. वाई तालुक्यात बावधनचं बगाड. फाल्गुनात, रंगपंचमीला, सोनेश्वराहून बावधनपर्यंत बगाडाचा तो उंच गाडा बैलांच्या जोड्या लावून ओढत आणतात. बगाड म्हणजे मुळात नवस फेडण्याची प्रथा. ह्या प्रथेत पूर्वी माणसाच्या पाठीत लोखंडी गळ टोचून त्याला टांगत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने गळ टोचण्यावर बंदी आणली. तेव्हाही 'धर्म बुडाला' असं म्हणणारे असणारच. मग काय झालं? गळ गेला, दोर आला. आज बगाड्याला दोराने बांधतात आणि लाखभर माणूस लोटतं. बगाडातला कणभर भक्तिभाव कमी झालेला नाही. गळ हा बगाडाचा प्राण नव्हता. तशी पराणी हा शर्यतीचा प्राण नाही. ज्याला ती प्राण वाटते, त्याला बैलाची पारख नाही असं आम्ही म्हणू. पूर्वी बैलाला बाजारात टोचून पळवून दाखवणाऱ्याकडून कुणी शहाणा शेतकरी बैल घेत नसे.

आता नियम काय सांगतात? जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी, धाव एक हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक नाही, दोन धावांत विश्रांती. ह्यात पाळता न येण्यासारखं काही नाही. अडचण दुसरीकडे आहे. हे कागद करायला, अनामत भरायला, बंदोबस्त आणि रुग्णवाहिका उभी करायला जो पैसा आणि ओळख लागते, ती मोठ्या आयोजकाकडे असते. लहान गावच्या यात्रा कमिटीकडे वर्गणीची वही असते. त्यामुळे परवानगीनंतर मैदानं फुगत चालली. विट्याजवळच्या भाळवणीत २०२३ मध्ये झालेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस चारचाकी थार गाडी होतं. तेव्हापासून बक्षिसात मोटारी, ट्रॅक्टर, बुलेट ही नेहमीची गोष्ट झाली आहे. एवढ्या बक्षिसासाठी पळणाऱ्या बैलाची किंमत लाखांत जाते, आणि मग तो नांगराला जुंपणाऱ्याच्या गोठ्यात राहत नाही. त्याला सांभाळायला वेगळा माणूस, वेगळा खुराक, न्यायला वेगळा टेम्पो.

मोठं मैदान वाईट असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या कारणाने आपण कोर्टात बाजू मांडली ते कारण आठवा. आपण म्हणालो, शर्यत राहिली तर खिल्लार राहील आणि शेतकऱ्याच्या दारात राहील. हे कारण खरं होतं, पण ते लहान मैदानापुरतं खरं होतं. चार कोसांवरून स्वतःची घरची जोडी घेऊन येणारा, आदत गटात खोंड पळवून बघणारा, नंबरात आला तर ढाल, नाही आला तर नारळ घेऊन घरी जाणारा, त्याच्यामुळे गाय टिकते. मोठ्या मैदानात पन्नास नावाजलेले बैल टिकतील. पन्नास बैलांनी जात टिकत नाही, तिला दारोदार गाई लागतात. आता लहान मैदान बंद पडलं तर कोर्टाकडे बोट दाखवायची सोय उरणार नाही.

बैलाला मत विचारता येत नाही. घटनेतला समानतेचा हक्क त्याला मागता येत नाही, असंही घटनापीठाने म्हटलं आहे. म्हणजे त्याच्या वतीने माणसानेच बोलायचं आहे, आणि हे बोलणं फक्त प्राणिमित्र संघटनांवर सोपवून देणं ही गाडीमालकांची मोठी चूक झाली. ज्याने त्याला बेंदराला पुरणपोळी भरवली, त्यानेच मैदानात पुढे होऊन पराणीवाल्याची गाडी बाद करायला सांगितली असती, तर २०११ ची यादी कदाचित पाचच नावांवर थांबली असती.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी जे यात्रा कमिटीत असतील त्यांना तीन गोष्टी सुचवतो. एक, आदत-दुशाचा गट स्थानिक जोड्यांसाठी राखून ठेवा आणि त्याचं बक्षीस बेताचं ठेवा. दोन, तालुक्यातल्या पाच-सहा गावांनी मिळून परवानगीचा आणि डॉक्टरचा खर्च वाटून घ्या. यात्रांच्या तिथ्या वेगळ्या असतात, कागद सारखेच असतात. तीन, टोचणारा दिसला तर झेंडा पंचाने गाडी बाद करायची, मग ती कुणाचीही असो, आणि तसं समालोचकाने माईकवरून नाव घेऊन सांगायचं. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, कारण ती गाडी बहुधा वजनदार माणसाची असते.

पुढच्या वेळी आपण ह्याच भागातल्या चारा छावण्यांचा इतिहास बघणार आहोत. तोवर कुणाच्या गावात मोटेची धाव अजून शाबूत असेल तर तिचा फोटो जरूर पाठवा.